दारापुरतं उखडलेलं डांबर

आज सकाळी आमच्या गल्लीत डांबराची गाडी आली. राजारामपुरीतल्या गल्ल्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ. गाडी पार टोकाला उभी राहिली तरी वास थेट आमच्या बाहेरच्या खोलीत. सूनबाईने भराभर खिडक्या लावून घेतल्या. मी मात्र खुर्ची उचलली आणि फाटकापाशी जाऊन बसलो. निवृत्त माणसाला फुकटात बघायला मिळेल ते तो बघतो. पण मी काही मजा बघायला बसलो नव्हतो. उन्हाळा कडक झाला की हा वास एकदा तरी कुठून तरी येतोच, आणि आला की मला घरात बसवत नाही. बाहेरही बसवत नाही, पण बाहेर निदान कुणी विचारत नाही काय झालं म्हणून.

गाडीबरोबरच्या माणसाला मी विचारलं, "पावणं, खालचं नीट झाडून घेतलंय का? कोरडं आहे का?"

त्याने मान वळवली नाही. "आत जावा आजोबा. वाफ लागंल."

तासाभरात गल्ली काळी झाली. आमच्या वेळी एवढ्या कामाला दोन दिवस जायचे आणि दहा जणांचे हात भाजायचे, तेव्हा हे लवकर झालं याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. ज्याने जुना रस्ता केला आहे तो तसं म्हणणारही नाही. गाडी पुढे सरकल्यावर मी फाटकाबाहेर गेलो आणि पुढच्या, अजून डांबर न पडलेल्या तुकड्यावर वाकून तळहात टेकवला. धूळ होती. बोटांना पांढरी लागली. सांगून उपयोग नव्हता, म्हणून हात धोतराला पुसले आणि परत येऊन बसलो.

तळहात टेकवून रस्ता बघायची ही रीत मला ज्ञानू मुकादमाने शिकवली. त्याने शिकवलेलं बाकी बरंच विसरलो. हे विसरता येत नाही.

संस्थान विलीन झाल्यानंतरचा तिसरा की चौथा उन्हाळा असेल. मी पंचविशीच्या आत होतो, रस्त्यांच्या खात्यात नवा ओव्हरसियर. डोक्यावर सोला हॅट, पायात मोजे, वहीत पेन्सिल, आणि अक्कल पुस्तकातली. कोल्हापुरातले पेठांचे रस्ते तेव्हा खडीचे. दगड पसरायचा, मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, वरून रूळ फिरवायचा. दोन वर्षं बरं चालायचं. मग बैलगाड्यांच्या लोखंडी धावा त्या खडीचं पीठ करायच्या. उन्हाळ्यात ते पीठ घरातल्या पिठावर येऊन बसायचं आणि पावसाळ्यात त्याचा चिखल व्हायचा. त्या वर्षी वरून हुकूम आला की पेठांतल्या रस्त्यांवर डांबराचा पातळ थर द्यायचा. पातळ म्हणजे किती, तर भाकरीवर तूप फिरवावं तितका. त्यावर बारीक खडी, त्यावर रूळ. काम संपलं.

लोकांना वाटायचं, डांबर टाकलं म्हणजे रस्ता पक्का झाला. मलाही आत कुठेतरी तसंच वाटायचं, पुस्तकात उलट लिहिलेलं असूनही. या थराने रस्त्याच्या अंगात जोर येत नाही. पाणी आत शिरू द्यायचं नाही, धूळ वर येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. आणि तो इतका पातळ असतो की त्याला स्वतःचं असं काही नसतं. खाली जे असेल त्याला तो धरतो. खाली दगड असेल तर दगडाला, धूळ असेल तर धुळीला.

"डांबार म्हंजे कातडं हाय रावसाब," ज्ञानू मुकादम म्हणायचा. ओव्हरसियरला तेव्हा सगळे रावसाहेबच म्हणत. "खाली मास नासकं आसलं तर कातडं काय करंल?"

पन्नाशीला आलेला माणूस. संस्थानच्या काळात दगड फोडणारा म्हणून लागला आणि हाताखाली माणसं घेण्यापर्यंत चढला. अंगाने काटक, आवाजाने दांडगा, भुवया नाहीतच. भट्टीवर वाकून वाकून त्या दर उन्हाळ्यात जळायच्या, आणि पावसाळ्यात जरा उगवायला लागल्या की पुन्हा उन्हाळा यायचा. त्यामुळे त्याचा चेहरा कायम जरा अचंबा वाटल्यासारखा दिसे, जरी त्याला कशाचा अचंबा वाटत नसे. डांबर किती तापलं हे बघायला आमच्याकडे काचेची नळी होती, ती पहिल्याच आठवड्यात फुटली. ज्ञानूला तिची गरज नव्हती. बाभळीची काठी डांबरात बुडवून वर धरायची, धार कशी तुटते ते बघायचं, एकदा वास घ्यायचा. "आजून हाय वाईच," म्हणायचा, किंवा "वता." धूर पांढुरका आहे तोवर तापू द्यायचं, निळसर झाला की जळालं. त्या अख्ख्या उन्हाळ्यात त्याचा अंदाज एकदाही चुकला नाही. हे मी आज लिहितो आहे. जिथे लिहायला हवं होतं तिथे नाही लिहिलं.

त्याची बायको हौसाबाई खडी टाकायला होती. घमेलं कमरेशी टेकवून ती मनगटाला असा झटका द्यायची की खडी पंख्यासारखी पसरून पडे, एकाशेजारी एक, एकावर एक नाही. बाकीच्या बायकांची खडी ढिगाने पडायची आणि झाडूने सारखी करावी लागायची. हौसाबाईच्या मागून झाडू फिरवायची वेळ आली नाही. पायांना गोणपाट गुंडाळलेलं, त्याखाली टायरच्या चपला, आणि तरी संध्याकाळी पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसली की तळव्यांची कातडी सुटलेली दिसायची. खोकायचीही फार. धूर वाऱ्याबरोबर वळायचा आणि वारा नेहमी खडीवाल्यांकडेच कसा वळतो हे मला कळलं नाही.

"औंदा कायम झालो की हिला घरात बशीवतो," ज्ञानू म्हणायचा. "बास झालं आता."

"घरात बसून काय करू? तुमचं त्वांड बगू?" हौसाबाई म्हणायची. पण हे म्हणताना तिचा खोकला थांबलेला असायचा आणि ती हसायची.

कायम होणं म्हणजे काय ते सांगायला हवं. संस्थानातली माणसं मुंबई सरकारच्या खात्यात घ्यायचं चाललं होतं. कुणाला कायम करायचं, कुणाला रोजावर ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं, हे त्या वर्षीच्या कामावर आणि वर गेलेल्या कागदावर ठरणार होतं. मीही त्याच रांगेत होतो. ज्ञानूला कायम केलं तर त्याला खात्याच्या चाळीत खोली मिळणार होती आणि हौसाबाईच्या पायांना विसावा. मला कायम केलं तर मला लग्नाच्या मुली सांगून येणार होत्या. दोघांच्या गरजा वेगवेगळ्या होत्या, पण कागद एकच.

त्या उन्हाळ्याचं सगळंच काही काळं नव्हतं. पेठेपेठेतून आमची भट्टी फिरायची. तालमीतून अंगाला माती लागलेले पैलवान बाहेर पडायचे आणि रस्ता अडवलाय म्हणून आमच्याशी भांडून मग तिथेच तासभर बघत बसायचे. कुणाची चप्पल ओल्या डांबरात रुतायची. एकदा एक गृहस्थ एक पाय चपलेत आणि एक पाय अनवाणी असे पंचगंगेपर्यंत गेले म्हणे, कारण चप्पल सोडवायला वाकणं त्यांना कमीपणाचं वाटलं. बायका दारातून हाक मारायच्या, "मुकादम, ढेकूळभर डांबार द्या की, पत्र्याला भोक पडलंय." ज्ञानू द्यायचा. "सरकारचं हाय," मी म्हणायचो. "सरकारच्याच रयतंचं भोक हाय की," तो म्हणायचा. कोल्हापूरच्या निम्म्या पत्र्यांची भोकं त्या वर्षी त्याने बुजवली असतील. दुपारी वळवाचे ढग पश्चिमेला जमायला लागले की मात्र कुणी बोलत नसे. सगळ्यांच्या माना वर.

आणि मग वैशाख संपता संपता काम आमच्या गल्लीत आलं.

आमचं घर तेव्हा मंगळवार पेठेत. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याखाली रस्ता. वडील शाळामास्तर होते, ते मी कॉलेजात असताना गेले. आईने मला शिकवलं ते शिवणकाम करून. तिच्या मुलाचा रस्ता तिच्या दारात येणार, ही बातमी तिने पंधरा दिवस आधीपासून सगळ्या गल्लीला दिली होती. जणू मी तो रस्ता स्वतः विणून आणणार होतो.

आदल्या दिवशी आम्ही गल्ली साफ केली. तारेच्या ब्रशने घासली, केरसुणीने झाडली, मग गोणपाटाने पुसली, खडीचं तोंड उघडं पडेपर्यंत. शेवटी ज्ञानू गुडघ्यावर बसून दोन दगडांच्या फटीतली धूळ तोंडाने फुंकत होता. मी म्हणालो, "पुरे की आता." तो म्हणाला, "उद्या उनं चढली की वततो. ह्यासारकी गल्ली झाली न्हाय बगा औंदा." घरी येऊन मी जेवलो. आईला म्हणालो, उद्या सकाळी डांबर पडणार. एवढंच म्हणालो. उद्या सडा घालू नकोस, हे म्हणायचं राहिलं. राहिलं असंही नाही, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. आईला सडा घालू नको सांगणं म्हणजे अंघोळ करू नको म्हणण्यासारखं. दारासमोर शेणाच्या पाण्याचा सडा आणि त्यावर रांगोळी, हे दिवसाला हात घालण्याआधीचं काम. ते कुणी कुणाला सांगत नाही आणि कुणी कुणाला थांबवतही नाही.

सकाळी मी ओट्यावर आलो आणि बघतच राहिलो. वीस-बावीस घरांची गल्ली, आणि प्रत्येक दारासमोर सडा. रोजचा दारापुरता शिंतोडा नव्हे, चांगला दाट, अर्ध्या रस्त्यापर्यंत गेलेला. त्यावर रांगोळ्या. कमळं, गोपद्मं, शेजारच्या काकूंनी तर ठळक अक्षरांत सुस्वागतम् काढून त्यात हळदकुंकू भरलेलं. खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंदच झाला. माझ्यासाठी आजवर कुणी इतक्या रांगोळ्या काढल्या नव्हत्या. मग माझी नजर रांगोळ्यांखालच्या ओल्या खडीवर गेली.

भट्टी कोपऱ्यावर पेटली होती. रूळ येऊन उभा होता. ज्ञानू गल्लीच्या तोंडाशी आला, थांबला, खाली बसला आणि त्याने तळहात टेकवला.

"आई," मी घरात जाऊन म्हणालो, "हे काय केलंत सगळ्यांनी?"

"काय केलं म्हणजे? आपल्या दारात रस्ता येतोय, दार कोरडं ठेवायचं?" तिच्या हातात आरतीचं तबक होतं. नवं लुगडं नेसली होती.

ती बाहेर गेली. तिने रुळाला ओवाळलं, त्याच्या लोखंडी चाकाला कुंकू लावलं आणि नारळ फोडला. पाणी चाकावरून खाली वाहिलं, पुन्हा रस्त्यावरच. गल्लीतल्या सगळ्या बायका दारांत उभ्या. मग ती ज्ञानूकडे वळली आणि त्याच्याही कपाळाला तिने कुंकू लावलं. "मुकादम, आमचा मुलगा नवा आहे. सांभाळून घ्या हं त्याला."

"व्हय आईसाब," ज्ञानू म्हणाला.

ती आत गेल्यावर तो माझ्याजवळ आला. मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या वेळी हळू बोलला. "रावसाब, आज वतू नका."

"दहापर्यंत वाळेल की. ऊन आहे."

"वल वाळंल. शेनाचा पापुद्रा ऱ्हातोय. डांबार दगडाला धरनार न्हाय, त्या पापुद्र्याला धरंल. सगळं खरवडून काडू, परत झाडू, आनि उद्याच्याला वतू."

त्याचं बरोबर होतं हे मला तेव्हाच कळलं होतं. ही गोष्ट मी इतक्या वर्षांत स्वतःपासून लपवायचा बराच प्रयत्न केला, पण ती लपत नाही. मला कळलं होतं. पण रूळ दुपारी दुसऱ्या पेठेत जायचा होता, तो परत कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. पश्चिमेला ढग दिसत होते. ही कारणं खरी आहेत, आणि तरी ती कारणं नव्हती. माझी आई नवं लुगडं नेसून दारात उभी होती आणि तिच्या रांगोळीवर मला तारेचा ब्रश फिरवायला सांगता येत नव्हतं. सगळ्या गल्लीसमोर म्हणायचं, तुम्ही जे प्रेमाने केलंत त्याने माझं काम बिघडलं. एवढंच वाक्य होतं. आईला एक दिवस वाईट वाटलं असतं, दुसऱ्या दिवशी तिने तेच हसून सांगितलं असतं.

"करा सुरू," मी म्हणालो.

ज्ञानू माझ्याकडे बघत राहिला. मग भट्टीकडे गेला. त्या दिवशी डांबर त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं. काठी तीनदा बुडवली. खालच्या ओलीला वरच्या उष्णतेने काही तोड निघते का, हे बघत असावा बिचारा. झाऱ्यांतून डांबर पडायला लागलं, सुस्वागतम् वरून काळी धार फिरली, हौसाबाईचं घमेलं सुटलं, रूळ कुरकुरत पुढे गेला. बाराच्या आत गल्ली गुळगुळीत झाली. घराघरातून गँगला भाकरी, ठेचा आणि ताक आलं. आईने सगळ्यांना स्वतः वाढलं. जेवणं झाल्यावर ज्ञानू गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली बघत चालत गेला. मी काही विचारलं नाही.

तीन आठवडे गल्ली सुंदर दिसली. धूळ नाही, चिखल नाही. आई पाहुण्यांना मुद्दाम पुढच्या दाराने आणायची.

मग मृग लागला आणि आठवड्यात डांबर सुटलं. सगळं नाही. गल्लीच्या मधोमध, जिथे सड्याचं पाणी पोचलं नव्हतं, तिथे काळी पट्टी शाबूत होती. पण प्रत्येक दारासमोर अर्धगोल उखडला होता. जिने मोठा सडा घातला तिच्या दारात मोठा, जिने हात आखडता घेतला तिच्या दारात लहान. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा तो थर हातानेही उचलत होता, आणि उचलून उलटा केला की खाली पिवळट शेण चिकटलेलं दिसायचं. मी एक तुकडा उचलून बघितला आणि पावसात फेकून दिला. ज्याला डोळे आहेत त्याला ती गल्ली वाचता येत होती. पण पाऊस होता. मोठे साहेब गल्लीच्या तोंडाशी जीपमध्येच बसून होते आणि त्यांनी काचेतून बघितलं.

"डांबर नीट तापलं नव्हतं काय?" त्यांनी विचारलं.

दोष त्यांनीच शोधून माझ्या हातात ठेवला. मला फक्त नाही म्हणून तो खाली ठेवायचा होता. काय म्हणायचं होतं? साहेब, माझ्या आईने सडा घातला होता, मुकादम नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. सरकारी कागदावर शेण आणि रांगोळी कशी लिहायची, लोक हसतील, असं मी मनाशी म्हणालो. हसले असते. हसण्याने कुणी मरत नाही.

"तापवणं मुकादमाकडे होतं," मी म्हणालो.

"मग तसं लिहा."

मी लिहिलं. डांबर पुरेसं तापवलं गेलं नाही, ते काम मुकादम ज्ञानू याच्या देखरेखीखाली होतं. शब्द फार नव्हते. त्याखाली त्याचा अंगठा हवा होता. कचेरीच्या व्हरांड्यात मी कागद त्याच्यापुढे केला आणि म्हणालो, "मुकादम, त्या गल्लीच्या कामाचा कागद आहे." त्याने अंगठा पुढे केला. शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर दाबला, तर नुसता काळा डाग. रेघा उठेनात. वर्षानुवर्षं डांबर आत जाऊन बसलेलं. कारकून म्हणाला, असा चालणार नाही, साफ करून आणा. मग मी कंदिलातलं रॉकेल चिंधीवर घेतलं आणि माझ्या हाताने त्याचा अंगठा पुसला. बराच वेळ पुसत होतो. अंगठा जाडजूड होता आणि पेराशी भाजल्याचे वण होते. तो हात माझ्या हातात देऊन उभा होता. दुसऱ्यांदा रेघा छान उठल्या.

मला दिवाळीआधी कायम केलं. त्याचं मुकादमपण गेलं. रोजावरचा गडी म्हणून चंदगडच्या रस्त्यावर पाठवला, जिथे पाऊस चार महिने रस्ता धुतो आणि उरलेले आठ महिने माणसं तो परत करतात. हौसाबाई बरोबर गेली. जायच्या आधी तो मला भेटायला आला होता, असं कुणीतरी सांगितलं. मी त्या दिवशी कचेरीत होतो. बाहेर आलो नाही.

आईला मी साहेबांना सांगितलं तेच सांगितलं. तिला फार राग आला. "एवढं कुंकू लावलं मी त्या माणसाला, आणि माझ्याच पोराचं नाव घालवलं त्यानं," असं ती पुढे कित्येक वर्षं शेजारणींना सांगायची. रोज सकाळी त्या उखडलेल्या अर्धगोलावर सडा घालताना सांगायची. मी आत बसून चहा पीत ते ऐकायचो. ती गेली तीही त्याला दोष देतच गेली. तिच्या तोंडून मी एका सरळ माणसाला इतकी वर्षं शिव्या खायला लावल्या, आणि तिला वाटायचं ती माझी बाजू घेते आहे. खोटं बोललो याच्याइतकंच मला याचंही वाईट वाटतं, कधी कधी जास्त.

आता संध्याकाळ झाली आहे. गल्लीतली पोरं नव्या डांबरावर सायकली फिरवताहेत. सूनबाईने खिडक्या उघडल्या. "बाबा, बाहेर किती वेळ बसणार?" असं तिने दोनदा विचारलं. मी येतो म्हणालो आणि बसून राहिलो, कारण एकदा हे सुरू झालं की चंदगडपर्यंत जाऊन आल्याशिवाय मला उठता येत नाही.

ते दशक सरत आलं होतं. मला बढती मिळाली होती, जीप मिळाली होती. पावसाळ्यानंतरच्या डागडुजीची पाहणी करायला मी चंदगडकडे गेलो. काजूच्या झाडांतून जाणारा चढाचा रस्ता, भातं कापणीला आलेली, आणि एका वळणावर भट्टीचा धूर. आठ-दहा माणसांची गँग खड्डे भरत होती. गँगच्या हजेरीच्या यादीत कुणाची नावं आहेत हे मी आदल्या दिवशीच बघितलं होतं. तेव्हा अचानक भेट झाली असं मी म्हणणार नाही. जायचं की नाही यावर मी रात्रभर विचार केला होता, आणि शेवटी गेलो, एवढी एकच गोष्ट मी त्यातल्या त्यात बरी केली.

ज्ञानू भट्टीशी होता. पाठ वाकली होती, भुवया अजून नव्हत्या. त्याने काठी बुडवली, वर काढली, धार बघितली, वास घेतला. मग तो काठी तशीच धरून गँगच्या मुकादमाकडे गेला. तो मुकादम तिशीचाही नव्हता. "तापलंय का बगा मुकादम," ज्ञानू म्हणाला. त्याने न बघताच "वत" म्हटलं. ज्ञानू हलला नाही. "बगून सांगा." त्याने बघितल्यासारखं केलं, मगच ज्ञानूने झारी भरली. पुढच्या झारीला पुन्हा तेच. गँगला त्याची सवय झालेली दिसत होती, कुणी वर बघतही नव्हतं.

मी जवळ गेलो. "मुकादम," मी म्हणालो.

"आता मुकादम न्हवं रावसाब," तो म्हणाला. ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. "लई दिसानं."

"दरवेळी त्याला कशाला विचारता? तुम्हाला कळत नाही का?"

"कळतंय की. पर कुनीतरी बगितल्यालं बरं आसतंय."

रस्त्याच्या कडेला हौसाबाई घमेलं घेऊन उभी होती. केस पांढरे झाले होते, गोणपाट गुंडाळलेले पाय तसेच. तिने मला बघितलं आणि पदर पुढे ओढून दुसरीकडे बघायला लागली. मी बाकीच्या माणसांना पुढच्या खड्ड्याकडे पाठवलं. मग जे बोलायला आलो होतो ते बोललो. नीट बोलता आलं नाही. त्या कागदावर काय लिहिलं होतं ते सांगितलं, डांबर चांगलं तापलं होतं हे मला माहीत होतं हेही सांगितलं, मी वर लिहून पाठवतो म्हणालो, अजून काही करता येईल असं म्हणालो. त्याचं वय काय झालं होतं ते दोघांनाही दिसत होतं.

"मला ठावं हाय की," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"कुनी सांगाय कशाला पायजे? अंगठा पुसत हुतासा तवा माज्याकडं बगत न्हवतासा."

"मग वाचून दाखवा म्हणायचं होतं. म्हणायचं नाही का? मी लगेच..." पुढे मी काय म्हणणार होतो कुणास ठाऊक.

त्याने काठीवरचं डांबर दगडाला पुसलं. रागात नव्हता. मला वाटतं तो मला ते समजावून सांगत होता, पूर्वी रस्ता समजावून सांगायचा तसंच.

"वाचा म्हनलो आसतो तर तुमी खोटं वाचलं आसतासा," तो म्हणाला. "कागदावं एक झालं हुतंच. आईसाबांचं ल्येकरू, तोंडानं आनि एक कशाला बोलाय लावू?"

हौसाबाई खोकली. झारीतलं डांबर निवत चाललं होतं.

"व्हा बाजूला, रावसाब," तो म्हणाला.

मी बाजूला झालो. तेवढं मला पहिल्यापासून जमत होतं.